पनिहारच्या शेतात सापडलेला लोखंडी गोळा: ओळख पटवायला मदत हवी

पनिहारवाला

नमस्कार मंडळी. आमचं घर ग्वाल्हेरला लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला. वडिलोपार्जित थोडी जमीन शिवपुरी रोडवर पनिहारकडे आहे, बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेली. ट्यूबवेलपासून हौदापर्यंतची जुनी लोखंडी पाइपलाइन नेमकी कुठून गेलीय ते कुणालाच आठवेना, म्हणून मित्राचा मेटल डिटेक्टर आणला. पाइप मिळाला. पण तिथून नाल्याच्या बाजूला सरकलो तर मशीन एका जागी सारखं ओरडायला लागलं. बटाईदाराच्या मुलाने खुरप्याने माती सारली, तर साधारण हातभर खोलीवर गंजलेला लोखंडी गोळा. क्रिकेटच्या बॉलपेक्षा मोठा, वरून पापुद्रे सुटलेले, एका बाजूला मुरूम घट्ट चिकटलेला. अजून खड्ड्यातच आहे. फोटो टाकतोय, शेजारी पट्टी ठेवली आहे.

आजोबा सांगायचे की राणीची फौज आपल्या शेतावरून गेली. हा झाशीच्या राणीच्या वेळचा तोफगोळा असेल का? आणि व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केला तर चालेल का?

निवृत्त सुभेदार

दादा, आधी ऐका. गोळा हलवू नका. व्हिनेगर नको, तारेचा ब्रश नको, ठोकून बघणं तर अजिबात नको. मुलांना त्या खड्ड्यापासून लांब ठेवा.

तोफेचे गोळे दोन जातींचे. एक भरीव, नुसतं लोखंड, तो निरुपद्रवी. दुसरा पोकळ, आत काळी दारू भरलेली आणि वर वातीसाठी भोक. ते भोक गंजाने आणि मातीने इतकं बुजतं की दिसतच नाही, आणि तुमच्या फोटोत खालची बाजू मातीत आहे. शंभर-दीडशे वर्षांत दारू मेली असेल, असं लोक धरून चालतात. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं ते मिश्रण ओलं झालं तर पेटत नाही, पण वाळलं की पुन्हा पेटू शकतं. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात त्यांच्या यादवी युद्धातला गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक स्फोटात गेला. ते युद्ध १८६५ मध्ये संपलेलं. हिशोब करा.

पोलीस थान्यात फोन करा, जागा सांगा. बॉम्बशोधक पथक येऊन बघेल. त्यांचं ते रोजचं काम आहे, संकोच करू नका.

महूकर

सुभेदारसाहेबांशी सहमत. फक्त तोफगोळाच असेल असं आत्ताच धरू नका. खनिज दळायच्या मोठ्या चक्क्यांत असेच लोखंडी गोळे असतात आणि ते भंगारातून कुठेही पोचतात. शाळा-कॉलेजातला गोळाफेकीचा गोळाही लोक तोफगोळा म्हणून दाखवतात. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, बायकांचा ४ किलोचा. वजन आणि घेर कळला की निम्मा प्रश्न सुटतो.

अनघा_लष्कर

पनिहार वाचून थांबले, कारण या गावाचं नाव लढायांच्या यादीत आहे आणि आपल्याच शहरातल्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

दादा, तुमच्या आजोबांचा मान राखून सांगते. १८५८ ची लढाई शहराच्या दुसऱ्या अंगाला झाली. इंग्रज सेनापती सर ह्यू रोज पूर्वेकडून आला. १६ जूनला मुरार छावणी पडली. १७ जूनला कोटा की सराय इथे ब्रिगेडियर स्मिथच्या तुकडीशी गाठ पडली, त्यातच राणी गेल्या. मग १९ आणि २० जूनला लष्कर आणि किल्ला. तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे बाहेर पडले त्यांचा नेपियरने पाठलाग केला तो जावरा-अलीपूरच्या दिशेला. यातलं काहीही पनिहारला येत नाही. एखादी टोळी किंवा एखादी गाडी शिवपुरीच्या वाटेने गेली असेल, पण तोफा डागल्या गेल्या अशी लढाई १८५८ मध्ये तिथे नाही.

तिथली लढाई त्याआधी पंधरा वर्षांची. २९ डिसेंबर १८४३. त्या एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. एक महाराजपूरला, जिथे सर ह्यू गफ होता आणि गव्हर्नर जनरल एलेनबरो स्वतः हजर होता. दुसरी पनिहारला, जिथे मेजर जनरल ग्रे दक्षिणेकडून चालून आला होता आणि शिंद्यांची फौज मांगोरच्या बाजूला उभी होती.

ग्वाल्हेरचे महाराज जानकोजीराव शिंदे फेब्रुवारी १८४३ मध्ये निपुत्रिक गेले. त्यांच्या पत्नी ताराबाई राणीसाहेब तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. दत्तक घेतलेले जयाजीराव त्यांच्याहून लहान. मामासाहेब कारभारी झाले, मग त्यांना हटवलं गेलं आणि दादा खासगीवाले आले. कंपनीला ते नको होते. पंजाबात शीख फौज बळकट, पाठीशी ग्वाल्हेरची एवढी मोठी कवायती फौज मोकळी ठेवायची नाही, हे एलेनबरोचं खरं कारण. लहान मुलगी गादीवर, लहान मुलगा मांडीवर, आणि तरी सैन्य हटलं नाही. महाराजपूरला इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून जवळजवळ ८०० झाले. शिंद्यांची फौज तोफा सोडून पळाली नाही. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय.

म्हणून सांगते, तो गोळा राणीचा नसला म्हणून हलका होत नाही.

बडोदेकर

महाराजपूर म्हणजे विमानतळाजवळचंच ना? भिंड रोडवरचं?

अनघा_लष्कर

नाही, तो घोटाळा नेहमी होतो. एअरफोर्सचं महाराजपुरा वेगळं. लढाईचं महाराजपूर मुरैनाच्या अंगाला, आसन नदीच्या बाजूला. शिंद्यांचं मुख्य ठाणं तिथल्या चोंड्याला होतं आणि त्यांनी रात्रीतून पुढे सरकून महाराजपूर धरलं. गफला सकाळी ते तिथे दिसले तेव्हा त्याची तयारी नव्हती.

पनिहारवाला

सगळ्यांचे आभार. थान्यात कळवलं. पथक आलं होतं. त्यांनी खड्डा मोकळा केला, गोळा चहूबाजूंनी बघितला. भोक नाही, बूच नाही, भरीव आहे असं त्यांनी लिहून दिलं. पंचनामा झाला आणि गोळा सुपुर्दनाम्यावर माझ्याच ताब्यात आहे. तिथल्या हवालदारांनी एक चांगली गोष्ट सांगितली, की खड्डा लगेच बुजवू नका, आधी फोटो काढा.

आता मापं. दोरा गुंडाळून घेर २८ सेंटीमीटर, दोन-तीन जागी घेतला तर थोडा फरक येतो. किराण्याच्या काट्यावर वजन २ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास.

महूकर

वा, आता बोलता येईल. घेर २८ म्हणजे व्यास साधारण ८.९ सेंटीमीटर. तेवढ्या आकाराचा ओतीव लोखंडाचा भरीव गोळा २ किलो ६५० ग्रॅमच्या जवळ भरतो. तुमचा गंजून थोडा झिजलाय, म्हणजे बरोबर बसलं. पोकळ असता तर आकार तेवढाच राहून वजन साधारण एक तृतीयांशाने कमी आलं असतं. पथकाने डोळ्यांनी जे सांगितलं तेच काटा सांगतोय.

आणि २.७२ किलो म्हणजे ६ पौंड. हा सहा पौंडी गोळा आहे. नऊ पौंडी असता तर व्यास १०.३ च्या आसपास आला असता, बारा पौंडी ११.३. सहा पौंडी तोफेच्या नळीचा व्यास सुमारे ९.३ सेंटीमीटर, गोळा नळीपेक्षा थोडा बारीक ठेवावाच लागतो, नाहीतर अडकतो. दळणाच्या चक्कीतले गोळे या मापात नेमके बसण्याचं काही कारण नाही. माझी शंका मी मागे घेतो.

कोथरूडचा

म्हणजे इंग्रजांचा की आपला?

महूकर

नुसत्या मापावरून नाही सांगता येत. कंपनीच्या घोडतोफखान्यात सहा पौंडी सर्रास होती. आणि महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याकडून पलटणी उभ्या केल्या तेव्हापासून शिंद्यांचा तोफखाना त्याच धर्तीचा, तोफा स्वतःच्या कारखान्यात ओतलेल्या. मापं जुळणारच.

एक गोष्ट बघता येईल. ओतीव गोळ्याला साच्याच्या दोन भागांची शिवण असते, कमरेला बारीक कडं असल्यासारखी, आणि जिथून लोखंड ओतलं तिथे एक चपटा ठिपका. आपल्याकडे हातोड्याने घडवलेले गोळेही वापरात होते. त्यावर शिवण नसते, ठोक्यांच्या चपट्या बाजू असतात आणि गोळा नीट गोल नसतो. दादा, तुम्ही म्हणालात की घेरात फरक येतोय. तो गंजाचा की घडणीचा? उन्हात तिरपा धरून फोटो टाका. घासायचं नाही.

पनिहारवाला

तिरप्या उन्हात काढलेले फोटो टाकले आहेत. शिवण मला तरी दिसत नाही. पण तीन ठिकाणी अंगठ्याएवढ्या चपट्या जागा आहेत, हात फिरवला की कळतात. मुरूम चिकटलेली बाजू तशीच ठेवली आहे.

महूकर

फोटो मोठा करून बघितला. दुसऱ्या फोटोतली डावीकडची चपटी जागा कडेने ठळक आहे, गंजाचा पापुद्रा पडून अशी कड राहत नाही. मला हा घडीव वाटतो. घडीव असेल तर शिंद्यांच्या बाजूचा असण्याकडे कल झुकतो. एवढंच म्हणेन. हातात घेऊन बघणारा जाणकार पाहिजे.

निवृत्त सुभेदार

एक शक्यता सुटली. चांदमारी. संस्थानच्या फौजेचा तोफखाना सरावाला शहराबाहेर जायचाच. एका गोळ्यावरून रणांगण ठरत नाही. आजूबाजूला आणखी काय निघतं त्यावर ठरेल.

पनिहारवाला

त्यावरच लिहायला आलो होतो. नवीन खणलं नाही, पण खड्ड्यातून निघालेल्या मातीच्या ढिगावरून मशीन फिरवलं. तीन शिशाच्या गोळ्या मिळाल्या. पांढुरक्या, खडूचा हात लागल्यासारख्या. दोन गोल आहेत, एक एका बाजूने पार चेपलेली, खरबरीत. सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे तोलून घेतल्या: ३०, ३१ आणि चेपलेलीसुद्धा ३१ ग्रॅम. गोल असलेल्यांचा व्यास त्याच्या कॅलिपरवर १७ मिलिमीटरच्या थोडा वर. एका गोळीवर सुरीने कापल्यासारखा छोटा सपाट ठसा आहे.

महूकर

दादा, हे फार महत्त्वाचं आहे.

तो सपाट ठसा म्हणजे साच्यात शिसं ओतल्यावर राहिलेली शेपूट छाटल्याची खूण. १७ मिलिमीटरच्या वर आणि ३१ ग्रॅम म्हणजे कंपनीच्या फौजेच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची गोळी. नळी १९ मिलिमीटरची, गोळी साडेसतराच्या जवळपास. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या बंदुकाही त्याच मापाच्या होत्या, त्यामुळे इथेही बाजू कळत नाही.

पण काळ कळायला मदत होते. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या गोऱ्या पलटणींकडे एन्फिल्ड रायफल होती. तिची गोळी लांबट, बुडाशी पोकळ, व्यासाने १४-१५ मिलिमीटर. शिपायांकडे तेव्हाही जुन्या बंदुका होत्या, म्हणून गोल गोळी मिळाली की लगेच १८४३ असं नाही म्हणता येत. मात्र एन्फिल्डची एकसुद्धा लांबट गोळी तिथे निघाली नाही, तर तो पुरावा अनघाताईंच्या बाजूला जातो.

चेपलेली गोळी कशावर तरी आदळलेली आहे. सरावातही असं होतं, लढाईतही. पण बंदुकीच्या गोळ्या आणि तोफेचा गोळा एकाच हातभर जागेत, हे चांदमारीत कमी संभवतं. तोफेची आणि बंदुकीची चांदमारी सहसा एका जागी घेत नाहीत, बरोबर ना सुभेदारसाहेब?

निवृत्त सुभेदार

बरोबर. अंतरंच वेगळी लागतात.

शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. ती पांढरी पूड पोटात जाऊ देऊ नका.

बडोदेकर

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वकिली माझा व्यवसाय आहे.

१८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू, किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडवणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आणि हिश्श्यावर पाणी. गंजका गोळा म्हणजे कसला खजिना, असं म्हणून लोक सोडून देतात. तसं करू नका. थान्यातला पंचनामा झालाय म्हणून हे काम झालं असं समजू नका, कलेक्टरला वेगळा अर्ज द्या.

दुसरं, सापडवणारा कोण? मुलाने माती सारली, मशीन तुमच्या हातात होतं, जमीन तुमची. कायद्यात सापडवणारा आणि मालक वेगळे असले आणि दोघांत काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. माझा सल्ला, अर्जात त्या मुलाच्या वडिलांचं नाव घाला. रक्कम काही येवो न येवो, कागदावर खरं काय ते असू द्या.

तिसरं, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. परदेशी पाठवता येत नाही, विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. तुम्हाला निरोपानिरोपी कुणी "बघायला" येईल, भाव सांगेल. त्यांना दारातूनच नमस्कार करा.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: हे शेत खाजगी आहे आणि पाइप शोधताना वस्तू निघाली. उद्या कुणी मशीन घेऊन किल्ल्याखाली किंवा कुठल्या संरक्षित स्मारकाजवळ खणायला गेलं तर थेट गुन्हा आहे. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

कोथरूडचा

बडोदेकर, हे वाचून बरं वाटलं. पनिहारवाले, साफ करायचं काय ठरलं?

पनिहारवाला

अजून काही केलं नाही. यूट्यूबवर बॅटरी चार्जर आणि सोड्याच्या पाण्याने गंज काढताना दाखवतात, ते बघून मोह होतोय.

अनघा_लष्कर

कृपा करून नको. मी संग्रहालयात काम केलंय, म्हणून पोटतिडकीने सांगते. गंजाचा वरचा थर म्हणजेच गोळ्याचा मूळ पृष्ठभाग आहे. महूकरांनी ज्या चपट्या जागा ओळखल्या त्या त्याच थरात आहेत. तो काढला की खाली खड्ड्याखड्ड्यांचं लोखंड राहतं, वजन घटतं, आणि घडीव की ओतीव हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. चिकटलेला मुरूमसुद्धा ठेवा, तो कुठल्या थरातून आला ते सांगतो. मातीतून निघालेलं लोखंड हवेत आलं की आतल्या क्षारांमुळे तडकायला लागतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. वाळवायला चुलीजवळ किंवा भर उन्हात नको. शिशाच्या गोळ्या वेगळ्या ठेवा, प्रत्येक कागदी पुडीत, वर नंबर आणि वजन.

आणि सगळ्यात मोठी विनंती जागेबद्दल. आत्ताच्या आत्ता खड्ड्याचा कच्चा नकाशा काढा. ट्यूबवेलपासून किती पावलं, नाल्यापासून किती, खोली किती, कुठली वस्तू कुठल्या बाजूला. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. तुमचा गोळा कपाटात ठेवला तर तो एक जुना गोळा. पण पनिहारच्या नाल्याकाठी अमुक जागी, सोबत तीन गोळ्या, हे लिहून ठेवलं की त्यावरून ग्रेची तुकडी कुठे होती, मांगोरकडून मारा कुठवर पोचत होता, हे सांगता येतं. त्या दिवशीचं जे वर्णन आपण वाचतो ते जवळजवळ सगळं जिंकणाऱ्यांच्या खलित्यांतलं आहे. पकडलेल्या तोफा वितळवून त्यांनी आपल्या लोकांना ग्वाल्हेर स्टार नावाची पदकं दिली, कलकत्त्याला स्मारक बांधलं. ९ वी आणि १६ वी लान्सर्स (भालाईत घोडदळ), ३९, ४०, ५० व्या पायदळ पलटणी या नावांनिशी सन्मान मिरवत राहिल्या. आपल्या गोलंदाजांकडून उरलेला कागद फार थोडा. त्यांनी काय केलं ते त्या जमिनीतच लिहिलेलं आहे आणि तिथेही ते भंगाराच्या भावाने उचललं जातं. यावर मला शांत राहता येत नाही.

बडोदेकर

आणि त्या लढाईनंतर काय झालं तेही सांगा ताई, इथे अनेकांना माहीत नसेल.

अनघा_लष्कर

थोडक्यात: जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांची फौज ९,००० वर आणली, तोफा ३२. त्याऐवजी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ग्वाल्हेर कंटिंजंट उभी केली, खर्च संस्थानचा. तीच कंटिंजंट १४ जून १८५७ ला मुरारला उठली आणि पुढे तात्या टोप्यांबरोबर कानपूरवर चालून गेली. तेव्हा पनिहार आणि १८५८ यांचा संबंध आहेच, तुमच्या आजोबांचं पूर्ण खोटं नव्हतं.

पनिहारवाला

कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, बटाईदाराचं नाव त्यात घातलं. तो आधी घाबरला होता की आपल्यावर काही येईल, पण बडोदेकरांनी लिहिलेलं वाचून दाखवल्यावर स्वतःहून अंगठा दिला. पटवाऱ्याने (तलाठ्याने) खसरा म्हणजे सर्व्हे नंबर टाकून नकाशावर खूण केली. गुजरी महालातल्या संग्रहालयात फोटो आणि मापं देऊन आलो. पुरातत्त्व खात्याचे लोक शेत बघायला येणार आहेत असं सांगितलंय.

ते येईपर्यंत खड्डा प्लॅस्टिकने झाकलाय. मशीन मित्राला परत दिलं, नाल्याच्या बाजूला आणखी कुठे वाजलं होतं तिथे खुंट्या मारून ठेवल्यात, खणलं नाही. नवी पाइपलाइन बांधाच्या वरच्या बाजूने नेतोय, थोडा पाइप जास्त लागेल.

महूकर

उत्तम. खात्याचे लोक आले की त्यांना खुंट्यांचा नकाशाही द्या, नुसता गोळ्याचा नको. आणि पनिहार, मांगोर भागात ज्यांची शेतं आहेत त्यांनी घरात, देवळात, विहिरीच्या काठावर असा गोळा पडून असेल तर जागचा हलवू नका. आधी लांबूनच फोटो काढून थान्यात कळवा. पोकळ नाही असं पथकाने सांगितल्यावरच घेर आणि वजन इथे टाका. देवळांत शेंदूर फासलेले गोळे या पट्ट्यात मी बघितले आहेत. त्यांची मापं जमली तर माझ्याकडे तक्ता करायची तयारी आहे.